दोन बोटांपुरतं संगीत

मेल्खिओर झाइडलर टाल्हाउझनच्या गढीवर वादक म्हणून रुजू झाला, त्या दिवशी कारभाऱ्यानं त्याला हिरव्या बनातीचा अंगरखा दिला आणि सोबत एक ताकीद दिली. अंगरखा आधीच्या वादकाचा होता, काखेत काचायचा. ताकीद अशी होती: "सरकारांच्या डाव्या हाताकडे टक लावून बघायचं नाही."

मेल्खिओर बघणार नव्हता. पण वादकाची नजर समोरच्याच्या हातावर जातेच, तिला आवरणार कोण? सरकार, म्हणजे काउंट लुडोल्फ, गांबा गुडघ्यांत धरून बसले, त्यांनी पहिली तार दाबली आणि त्याला दिसलं, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळतच नाहीये. दोन्ही बोटं काठीसारखी ताठ बाहेर आलेली. लढाईत घोडा अंगावर कोसळला होता. तळावरच्या शल्यवैद्यानं हात कसाबसा वाचवला आणि उरलेली बोटं हलती ठेवा, नाहीतर तीही याच वाटेनं जातील, असं बजावून त्यांना घरी पाठवलं. घरी आल्यावर सरकारांनी आईचा जुना गांबा माळ्यावरून खाली काढला. तोवर त्यांनी शिकारीच्या शिंगापलीकडे काही वाजवलेलं नव्हतं.

गांबा म्हणजे सहा तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. मानेवर पडदे बांधलेले, तारा आतड्याच्या, आवाज घोगरा पण मायाळू. जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. मोठ्या शहरांत त्याला आता कुणी विचारत नव्हतं. तिथे दिवाणखाने मोठे झाले होते आणि लोकांना चेलोचा भरदार आवाज हवा होता. पण टाल्हाउझनला हे कुणी येऊन सांगितलं नव्हतं. संस्थान ते केवढं! एक गाव, थोडी खेडी, बीचच्या झाडांचं जंगल आणि एक मिठाची विहीर.

मेल्खिओर एका विणकराचा मुलगा. हात असा तयार, की त्याचे गुरू म्हणायचे, याला ठेवायला कुठलाही दरबार आनंदानं तयार होईल. त्यानंही तेच धरलं होतं. टाल्हाउझनला वर्ष-दोन वर्षं काढायची, पोटापुरतं बघायचं आणि मग ड्रेस्डेनचा दरबार नाहीतर त्याहून मोठं काही. पण दुसऱ्याच हिवाळ्यात गावातल्या खाटकाच्या दुकानात काळी सॉसेजं घेताना त्याची त्या घरच्या आपोलोनियाशी बाचाबाची झाली. तिनं वजनात अंगठा दाबला असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "वाद्यं कुरवाळणाऱ्यांनी वजनातलं बोलू नये." पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न लागलं. मग मुलगी झाली. ड्रेस्डेन राहून गेलं.

काम ठरलेलं होतं. सकाळी न्याहारी आटोपली की सरकारांच्या खोलीत जायचं. सरकार वरचा भाग वाजवणार, मेल्खिओर दुसऱ्या गांब्यावर खालचा, आणि व्हायोलिनला योब्स्ट. योब्स्ट हा गढीचा माळी. अंगरखा चढवला की वादक, उतरवला की माळी; नखांतली माती मात्र दोन्ही वेळेला असायची. आणि या तिघांसाठी नवनव्या चिजा रचायच्या, हे मेल्खिओरचं खरं काम.

सुरुवातीला त्यानं रचल्या त्या गुरूंच्या धाटणीच्या. सरकार त्यात असे अडकायचे, की खोलीतला कुत्रा उठून बाहेर जायचा. सरकार गज खाली ठेवायचे, डावा हात मांडीवर उलटा करून ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. "आज हवा दमट आहे," असं म्हणायचे. बाहेर लख्ख ऊन असायचं.

मेल्खिओरला ते बघवेना. हळूहळू तो त्या हातासाठी लिहायला लागला. त्याला कळलं, की पहिली दोन बोटं आणि मोकळ्या तारा एवढ्या भांडवलावर पुष्कळ काही करता येतं. सूर असे बसवायचे, की मोकळी तार आपसूक घुमत राहील आणि वाजवणाऱ्याला बोट हलवायला सवड मिळेल. अवघड धावपळ व्हायोलिनकडे सोपवायची. आणि जिथे सरकारांना हात खाली-वर न्यायला वेळ लागतो, नेमका तिथे थांबा लिहायचा. दोन सूर, एक श्वास, मग तिसरा सूर. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय विचार करून थांबलेत! सरकारांनाही तसंच वाटायला लागलं.

एका सकाळी त्यांनी एक संथ चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवली. शेवटचा सूर विरला. मग सरकार एकदम हसले. तसं हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"झाइडलर! ऐकलंस?"

"ऐकलं, सरकार."

"योब्स्ट, तू?"

"मी रडलो, सरकार," योब्स्ट म्हणाला. "पण मला कांद्याचंही रडू येतं, तेव्हा माझं धरू नका."

सरकारांनी आलुबुखाराचा केक मागवला, आणि तिघांनी तो एकाच मेजावर, उभ्या उभ्या खाल्ला. धनी आणि चाकर एका मेजावर! कारभाऱ्यानं दारातून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. सरकारांची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचा दिवस त्या सकाळच्या बैठकीभोवती फिरायचा. ते "आपला गांबा" म्हणायचे, "आपली नवी चीज" म्हणायचे. हिशेबाच्या बैठकीत मधेच मेजाच्या कडेवर दोन बोटं चालवायचे. मेल्खिओरनं रचलेल्या चिजांनी एक अख्खी पेटी भरली, मग दुसरी. त्यालाही ते काम आवडायचं. हातात हात घालून चालल्यासारखं वाटायचं. पण कधी कधी, घरी एकटा असताना, तो आपल्या गांब्यावर सगळ्या बोटांनी वरपासून खालपर्यंत एक झपाटा मारायचा आणि मग वाद्य भिंतीला टेकवून ठेवायचा.

"कुणाचा राग काढताय?" आपोलोनिया विचारायची.

"कुणाचा नाही. हात मोकळा केला."

त्याचा जुना सोबती आन्टोन किर्खहोफ याच सुमारास टाल्हाउझनला आला. एकाच गुरूकडे दोघे शिकले होते. आन्टोन आता ड्रेस्डेनला चेलो वाजवत होता, अंगावर रेशमी जाकीट, केसांच्या टोपाला अत्तर. बहिणीच्या गावी जाता जाता वाट वाकडी करून आला होता. रात्रीच्या जेवणाला आपोलोनियानं डुकराची तंगडी आणि आंबवलेला कोबी केला. आन्टोननं तिसऱ्यांदा वाढून घेतलं, बोटं पुसली आणि म्हणाला, "बरं, आता दाखव. इतकी वर्षं काय रचलंस?"

मेल्खिओरनं चिजा दाखवल्या. आन्टोननं एक चाळली, दुसरी चाळली, आणि मग त्याला हसूच आवरेना.

"अरे, हे कुणासाठी लिहिलंयस? जत्रेतल्या अस्वलासाठी?"

"सरकारांसाठी."

"ते कळलं रे. पण तुझं कुठाय? तू रियाजाला बसलास की आम्ही जिन्यावर येऊन ऐकायचो. तो मेल्खिओर कुठाय यात? इथे दोन सूर, मग थांबा. इथे दोन सूर, पुन्हा थांबा. मला तर वाटतंय तुला दम लागतो."

मेल्खिओर हसला. पण ते हसणं गालावरच राहिलं. आपोलोनियानं ते पाहिलं आणि आन्टोनच्या पुढची थाळी उचलली. त्याचं अजून संपलेलं नव्हतं.

"पोट भरलं असेल तुमचं," ती म्हणाली.

आन्टोन दुसऱ्या दिवशी गेला, पण त्याचं बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. मेल्खिओर त्या उन्हाळ्यात स्वतःसाठी लिहायला बसला. एकट्या गांब्यासाठी एक मोठी सोनाटा. चारी बोटं, सहाही तारा, मानेच्या पार शेवटापर्यंत. जे जे त्यानं इतकी वर्षं गिळलं होतं, ते सगळं तिच्यात ओतलं. घरात ते ऐकू यायचंच. आपोलोनिया एकदा वाटाणे सोलता सोलता थांबली.

"हे छान आहे," ती म्हणाली. "सरकारांना वाजवता येईल?"

"नाही."

"मग घरातच ठेवा."

"म्हणजे? माझ्या मनासारखं मी एकही रचायचं नाही?"

"रचा की. मी घरात ठेवा म्हणाले, चुलीत घाला नाही म्हणाले."

नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण आला. त्या दिवशी गढीवर हंस भाजायचे, शेजारचे सरदार आणि त्यांच्या बायका यायच्या, आणि जेवणानंतर सरकार पाहुण्यांसमोर गांबा वाजवायचे. तो त्यांचा वर्षातला मोठा दिवस. पण त्या वर्षी आठवडाभर धुकं आणि चिखल, आणि सरकारांचा हात मनगटापासून ठणकत होता. मेजवानीच्या आधी त्यांनी मेल्खिओरला बोलावलं.

"आज मला जमणार नाही रे. बोटं ऐकत नाहीयेत. तू वाजव."

"काय वाजवू, सरकार?"

"तुला आवडेल ते," सरकार म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थोपटून गेले.

बैठकीच्या खोलीत योब्स्ट व्हायोलिन जुळवून बसला होता. नवी चीज समोर उघडून ठेवलेली होती. मेल्खिओरनं तीच उचलायची, सरकारांच्या जागी बसायचं, योब्स्टकडे बघून मान हलवायची. इतकं ते सोपं होतं. पुढे आयुष्यभर तो स्वतःला हेच सांगत राहिला, की इतकं ते सोपं होतं. पण समोर पहिल्या रांगेत त्या बायका होत्या, पंखे हलत होते, कुणीतरी जांभई दाबत होतं. त्याच्या मनात आलं, एकदाच. एकदाच यांना कळू दे, मी कोण आहे.

"योब्स्ट, तू बस जरा," तो म्हणाला, आणि त्यानं सोनाटा सुरू केली.

आयुष्यात इतकं चांगलं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या घोगऱ्या वाद्यातून कधी दोन माणसं भांडल्यासारखं वाटत होतं, कधी पाखरांचा थवा उठल्यासारखं. पंखे थांबले. जांभई देणारा पुढे सरकून बसला. मधे एका ठिकाणी हात मानेच्या टोकाला गेलेला असताना मेल्खिओरनं वर पाहिलं. सरकार खुर्चीत बसले होते. ते त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. डोळे मोठे झालेले, ओठ जरा उघडे. लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघतं तसे, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि तो सुखावला.

वाजवून झालं तेव्हा लोक उभे राहिले. सरकार सगळ्यांच्या आधी उभे राहिले. त्यांनी सगळ्यांदेखत मेल्खिओरला मिठी मारली, खिशातली स्वतःची तपकिरीची चांदीची डबी त्याच्या हातात कोंबली, आणि पाहुण्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्खिओर नेहमीप्रमाणे खोलीत गेला. डोकं अजून हलकं होतं. सरकार खिडकीशी उभे होते. त्यांचा गांबा पेटीत होता आणि पेटीला पट्टे आवळलेले होते.

"हात अजून दुखतोय का, सरकार?"

"नाही. हात ठीक आहे. झाइडलर, मी किती वर्षं हे वाद्य वाजवतोय?"

"पुष्कळ, सरकार."

"मला वाटायचं, या वाद्याची धाव एवढीच. मनात यायचं, आपण दोघं त्याच्या अगदी कडेपर्यंत पोचलो. आता पुढे रस्ताच नाही." ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ते थांबे. माझ्या चिजांतले. ते तू माझा हात उशिरा पोचतो म्हणून लिहायचास?"

मेल्खिओर पेटीच्या आवळलेल्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

"मी विचारलं काहीतरी."

"ते त्या चिजांचेच थांबे आहेत, सरकार."

"तुला खोटं बोलता येत नाही," सरकार म्हणाले. "आणि मी सगळ्यांसमोर डोळे मिटून वाजवायचो रे. सगळ्यांसमोर!"

त्यानंतर त्यांनी गांबा उघडला नाही.

मेल्खिओरला त्यांनी काढून टाकलं नाही. पगार वाढवला. नाताळाला त्याच्या मुलीला निळं कापड पाठवलं. भेटले की बोलायचे, घरच्यांची चौकशी करायचे. अपराध्याला शिक्षा झाली की त्याची सुटका तरी होते. इथे तेही नाही. त्यानं नव्या चिजा रचून नेल्या. सरकारांनी त्या घेतल्या, चाळल्या आणि मेजावर ठेवल्या. "सुंदर आहे. तुझा हात माझ्यासाठी लिहिताना किती जपून चालतो, ते आता मला दिसतं." त्यानं सोनाटेबद्दल माफी मागितली. सरकार चक्रावलेच. "माफी? चांगलं वाजवल्याची माफी कसली मागतोस?"

सरकारांनी पुढे कातकाम सुरू केलं. पायानं चाक फिरवायचं, लाकडाचा तुकडा गरगरतो, आणि त्यावर पटाशी धरायची. त्या काळच्या बऱ्याच राजेलोकांना तो नाद होता. सकाळच्या वेळी आता त्या खोलीतून लाकूड कातल्याचा आवाज यायचा. त्यांनी डब्या केल्या, मेणबत्त्यांच्या बैठका केल्या. सगळ्या किंचित वाकड्या.

योब्स्ट तेव्हा कोबीच्या वाफ्यात काम करायचा. मेल्खिओर कुंपणापाशी जाऊन उभा राहिला की तो मान वर करायचा नाही.

"तू तरी बोल की काहीतरी."

"काय बोलू? मला सकाळची सवय होती. आता हात शिवशिवतात आणि मी तण उपटतो."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दामच केलंस," योब्स्ट म्हणाला. "त्यांना दुखवायला नाही केलंस, ते मला ठाऊक आहे. पण केलंस मुद्दाम."

दोन-तीन वर्षांनी आन्टोनचा निरोप आला, की ड्रेस्डेनला एक जागा होते आहे, येऊन वाजवून दाखव. मेल्खिओरनं रजा मागितली. सरकारांनी लगेच दिली, वर आपली बग्गी दिली. "जा, जा. तू खरं तर फार पूर्वीच जायला हवं होतंस. मीच तुला अडकवून ठेवलं." हे ऐकून तो मान खाली घालून बग्गीत बसला.

ड्रेस्डेनला त्यानं सोनाटा वाजवली. ऐकणाऱ्यांत आन्टोन होता, दरबारी संगीताचे मुख्य होते आणि आणखी काही जण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या वाजवल्या, बेताच्या. मग मुख्य म्हणाले, "मेहनत खूप आहे. माझे आजोबा अशी वाजवायचे." आणि नंतर, अगदी सभ्यपणे, "आपण चेलो वाजवता का? मागच्या रांगेत एक खुर्ची आहे."

त्या संध्याकाळी आन्टोनच्या घरी जेवणं झाली. आन्टोनला वाईट वाटत होतं, तो उगीच मोठ्यानं बोलत होता. काहीतरी वाजवू या, म्हणून मेल्खिओरनं पिशवीतून सरकारांच्या चिजांपैकी एक काढली; तीच, ज्यानंतर तिघांनी केक खाल्ला होता. आन्टोननं चेलोवर सरकारांचा भाग घेतला, त्याच्या मुलीनं व्हायोलिनचा. आन्टोनची बोटं नुसती घसरत होती त्यावरून. थांबे आले की तो मनात मोजून पुढे निघायचा.

"जरा सावकाश," मेल्खिओर म्हणाला.

"सावकाश कशाला? आहे काय इथे?"

आणि खरंच, तिथे काही नव्हतं. शिळ्या पावासारखं कोरडं वाजत होतं सगळं. मेल्खिओरला वाटलं होतं, ड्रेस्डेननं सोनाटा नाकारली तरी या चिजा तरी आपल्या उरतील. पण त्या त्याच्याही नव्हत्या. त्या एका हाताच्या होत्या, आणि तो हात तिकडे लाकूड कातत होता. त्यानं मधेच गज खाली ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, आन्टोन. मी उद्या निघतो."

परत आल्यावर तो कपडेही न बदलता गढीवर गेला. त्यानं वाटेतच ठरवलं होतं, की आज सरकारांना सगळं सांगायचं. तिथे काय झालं, त्या चिजा दुसऱ्याच्या हातात कशा मेल्या, सगळं. सरकार कातकामाच्या बाकाशी बसले होते, पण चाक बंद होतं.

"काय रे, मिळाली जागा?"

"नाही, सरकार. मला नकोच होती." मग त्यानं घडलं तसं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, धुळीच्या बुटांनिशी. सरकार ऐकत राहिले. शेवटी तो म्हणाला, "सरकार, एकदाच वाजवा. लोकांसाठी नको. मी, योब्स्ट आणि आपण. त्या चिजा आपल्याशिवाय कुणाच्याच नाहीत."

सरकारांनी मांडीवरचा डावा हात उचलून त्याच्यासमोर धरला. पहिली दोन बोटंही आता वाकलेली होती, आणि वाकलेलीच राहिली होती. त्यांनी ती हलवायचा प्रयत्न केला. अंगठा तेवढा हलला.

"वैद्य म्हणाला होता, चालती ठेवा," सरकार म्हणाले. "वाजवत होतो तोवर चालती होती. मग मी ती चालवायची सोडली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गुंडी लावता येईना." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "पटाशी उजव्या हातात धरता येते, म्हणून तुला कळलं नसेल."

मेल्खिओरला कळलं नव्हतं. रोज गढीवर येत होता, रोज मुजरा करत होता, आणि कळलं नव्हतं. त्या हाताकडे न बघायची त्याला आता इतकी सवय झाली होती. तो खाली बसला, धन्यासमोर, विचारल्याशिवाय, आणि ओंजळीत तोंड घालून रडला. सरकारांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "उठ. माझा पायही हल्ली दमतो. तू चाक फिरव, मी पटाशी धरतो."

तेव्हापासून मेल्खिओर सकाळी जायचा आणि चाक फिरवायचा. बोलणं फारसं व्हायचं नाही. कधी सरकार म्हणायचे, "हळू," कधी म्हणायचे, "थांब." संगीताचं नाव दोघंही काढायचे नाहीत. असं सरकार जाईपर्यंत चाललं. ते गेले छातीच्या दुखण्यानं, वसंतात, बीचला कोवळी पानं येत असताना. अंत्यविधीला काय वाजवायचं असं कारभाऱ्यानं विचारलं, तेव्हा मेल्खिओर म्हणाला, "ऑर्गनवाला बघेल काय ते." तो स्वतः नोकरचाकरांच्या घोळक्यात, रिकाम्या हातांनी उभा राहिला.

गादीवर पुतण्या आला. त्याला संगीताचा कंटाळा होता, पण माणूस वाईट नव्हता. वादकांना निरोप देताना तो मेल्खिओरला म्हणाला, "काकांचा तो गांबा घेऊन जा. इथे कोण वाजवणार?"

गांबा घरी आला तरी कितीतरी दिवस पेटीतच होता. एका रविवारी दुपारी योब्स्ट व्हायोलिन घेऊन आला. दोघंही म्हातारे झाले होते. मेल्खिओरनं पेटी उघडली, नव्या तारा चढवल्या, गजाला राळ लावली. मग आपोलोनियाकडून कापडाची पट्टी मागून घेतली आणि आपल्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र, ताठ बांधून घेतलं. आपोलोनियानंच गाठ मारली.

त्यांनी ती संथ चीज वाजवली. सूर सगळे बरोबर आले. थांबे जिथल्या तिथे आले.

"इथे सरकार आणखी थोडं थांबायचे," योब्स्ट म्हणाला.

"माहितेय."

"तू लवकर निघालास."

पुन्हा वाजवलं. या वेळी तो जास्त थांबला.

"आता?" मेल्खिओरनं विचारलं.

योब्स्टनं नाक पुसलं. "आता तू थांबलास. ते पोचत असायचे."

मेल्खिओरनं पट्टी सोडली, बोटं चोळली. आपोलोनियानं बिअर आणली, ती पिऊन योब्स्ट घरी गेला.

पुढच्या वर्षी चर्चच्या गायकांना खालच्या सुराच्या आधारासाठी एखादं वाद्य हवं होतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. मेल्खिओरनं तो गांबा देऊन टाकला. शेजारच्या गावचा वाद्य दुरुस्त करणारा आला. त्यानं मानेवरचे पडदे कापून काढले, दोन खुंट्यांची भोकं बुजवली, तारांखालची घोडी बदलली आणि चार जाड तारा चढवल्या. "आता हा चेलो झाला म्हणा," तो खुशीत म्हणाला. "आवाज बघा कसा मोठा येतो."

सुताराचा जावई तो चेलो रविवारी वाजवायचा. मेल्खिओर मागच्या बाकावर बायकोशेजारी बसायचा. पहिल्या रविवारी आपोलोनियानं त्याला कोपरानं ढोसलं.

"कसं वाजवतोय हो?"

"बरं वाजवतोय," मेल्खिओर म्हणाला, आणि भजनाचं पुस्तक उघडून सगळ्यांबरोबर गायला लागला.